मुलीचं नाव ‘पागोळी’ ठेवलं तर? सल्ला हवा

फोंड्याची आई
लेक वीस दिवसांची झाली, बारसं लांबलंय. अन्वी, मायरा, कियारा नकोत. रोजच्या बोलण्यातला मराठी शब्द हवा. यादीत उरलेत पागोळी, तिरीप आणि आपली नदी म्हादई. तिला घरी आणली त्या रात्री कौलांच्या कडेने पाणी गळत होतं आणि मी टक्क जागी. म्हणून मन पागोळीवर. सासूबाई म्हणाल्या, “हें कसलें नांव गो?”

डिचोलीकर
तिरीप आधी काढा. शाळेत आठवड्याभरात ‘तिरपी’ होईल. म्हादई गोड आहे, पण हाक मारताना ‘म्हादू’ होणार आणि नाव सांगितलं की समोरचा गोवा-कर्नाटकाचा पाणीतंटा काढणार. २०१८ च्या लवादाने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिलं, हे पोरीला पाळण्यातच पाठ :)

अबोली
मी स्वतः शब्दनामवाली! गजऱ्यात सगळ्यांना हवी, पण नाव ऐकलं की “बोलत नाहीस का?” ठरलेलं. लहानपणी राग यायचा. आता आवडतं, कारण नावावरूनच गप्पा सुरू होतात. आईने बाळंतपणात खिडकीतून जे फूल पाहिलं, तेच ठेवलं. कोशातून शोधलेल्या नावाला अशी आठवण नसते.
पण पागोळीचा घात ‘ळ’ करणार. रोमन लिपीत ळ नाही. कागदावर ती पागोली होईल आणि गोव्याबाहेर कुणीतरी ‘पगली’ ऐकेल. पाऊसच हवा तर शिरवं बघा, येऊन जाणारी हलकी सर. त्यावरून शिरवा.

डिचोलीकर
शिरवा झकास! तरी जुना शब्द घेताना मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात दुसरा अर्थ तपासा, १८५७ ची आवृत्ती नेटवर फुकट आहे. घाईही नको. जन्माची नोंद वेळेत केली असेल तर नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, पुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. एकदा घातलेलं बदलणं मात्र कटकटीचं. गोव्यात त्यासाठी १९९० चा वेगळा कायदा आहे.

फोंड्याची आई
‘ळ’चं डोक्यातच आलं नव्हतं. शिरवा नवऱ्याला पटलं. सासूबाईंनी विचारलं, “शिरा काय?” पाळण्याशी मी अजून पागोळीच म्हणते. दाखल्यावर काय घालायचं ते पाऊस ओसरल्यावर बघू.