मदत हवी आहे: घरातील सॉकेटांचा भार मोजताना कोणत्या देशाचा हिशेब धरावा?

वाशीतील आमच्या जुन्या सदनिकेचे वायरिंग पूर्णपणे बदलायचे आहे. क्षेत्रफळ साधारण 60 चौरस मीटर असून नव्या आराखड्यात 6 अँपिअरचे 22 सॉकेट, 16 अँपिअरचे 9 सॉकेट आणि दिवे-पंख्यांचे 20 पॉइंट धरले आहेत. 16 अँपिअरच्या सॉकेटांपैकी दोन एसीसाठी, दोन गिझरसाठी, एक वॉशिंग मशीनसाठी, एक फ्रिजसाठी आणि तीन स्वयंपाकघराच्या ओट्यावर आहेत. एकूण भार किती धरावा, यावर घरात आणि ठेकेदाराशी बरीच चर्चा झाली आहे. वेगवेगळ्या देशांच्या नियमांतून प्रत्येकजण वेगळा आकडा काढतो, म्हणून जाणकारांचे मत हवे आहे.

सॉकेटावर लिहिलेल्या अँपिअरची नुसती बेरीज केली तर 276 अँपिअर, म्हणजे 63 किलोवॅटच्या वर भार निघतो. एवढा भार एका घरात कधीच येणार नाही, त्यामुळे हा मार्ग बाजूला ठेवला. आपल्याकडील प्रचलित पद्धतीने दिवा किंवा पंखा 60 वॅट, 6 अँपिअरचा सॉकेट 100 वॅट आणि 16 अँपिअरचा सॉकेट 1000 वॅट धरला, तर 1200, 2200 आणि 9000 मिळून 12,400 वॅट होतात. 230 व्होल्टला हा प्रवाह सुमारे 54 अँपिअर आहे आणि सर्व उपकरणे एकाच वेळी चालत नसल्याची सूट त्यातून अजून वजा व्हायची आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या एका नातेवाइकांनी प्रत्येक सॉकेटला 180 व्हीए (व्होल्ट-अँपिअर, ढोबळमानाने वॅटच) धरायला सांगितले. इंटरनेटवर हा आकडा सर्रास दिसतो, पण तो तेथील विद्युत संहितेत, म्हणजे वायरिंगच्या नियमावलीत, मुख्यतः कार्यालये, दुकाने अशा जागांसाठी आहे. घरांसाठी तेथे सॉकेट मोजतच नाहीत. 2023 च्या संहितेप्रमाणे क्षेत्रफळावर दर चौरस मीटरला 33 व्हीए धरतात, त्यात स्वयंपाकघराच्या किमान दोन स्वतंत्र सर्किटांचे प्रत्येकी 1500 आणि कपडे धुण्याच्या सर्किटाचे 1500 व्हीए मिळवतात. मग पहिले 3000 पूर्ण धरून त्यापुढील भागाचे 35 टक्केच घेतात. आमच्या घरासाठी हे 6480 व्हीए आणि सूट देऊन 4218 व्हीए होते. त्यावर दोन एसीचे 3400 आणि दोन गिझरचे 4000 वॅट मिळवले की एकूण 11,600 च्या आसपास येते.

दोन्ही बेरजा जवळजवळ आल्या, तरी मला त्याने समाधान वाटत नाही, कारण आतली वाटणी अगदी वेगळी आहे. आपल्या पद्धतीत 2000 वॅटचा गिझर 1000 वॅटचा धरला जातो आणि ओट्यावरच्या ज्या 6 अँपिअरच्या सॉकेटाला 750 वॅटचा मिक्सर लागतो, त्याच्या वाट्याला केवळ 100 वॅट येतात. एकूण बेरजेत ही तूट दुसरीकडच्या वाढाव्याने भरून निघत असेल, पण तार तापते ती एका विशिष्ट सर्किटाची. सकाळी गिझर 2000, इंडक्शन शेगडी 2000, मायक्रोवेव्ह 1200 आणि मिक्सर 750 वॅट एकत्र चालले, तर 5950 वॅट, म्हणजे जवळपास 26 अँपिअर होतात आणि त्यातले 17 अँपिअर एकट्या ओट्यावरचे असतात.

ब्रिटिश पद्धतीत 32 अँपिअरच्या एका रिंग सर्किटावर (सर्व सॉकेटांवरून फिरून तार परत सुरुवातीलाच येते असे सर्किट) 100 चौरस मीटरपर्यंत हवे तेवढे सॉकेट देता येतात, म्हणून ठेकेदाराने तसे सुचवले. मला हे धोक्याचे वाटते. तेथील 13 अँपिअरच्या प्लगमध्ये स्वतःचा फ्यूज असतो, त्यामुळे उपकरणाची बारीक केबल सुरक्षित राहते. आपल्या प्लगमध्ये फ्यूज नसतो, त्यामुळे 32 अँपिअरच्या एमसीबीच्या (जास्त प्रवाह झाल्यास आपोआप बंद पडणाऱ्या स्विचच्या) भरवशावर 6 अँपिअरचा सॉकेट आणि त्याला लावलेली बारीक केबल सोडता येणार नाही. एका देशाचा आकडा घ्यायचा आणि त्याच्यामागची संरक्षणाची व्यवस्था तिथेच ठेवायची, हे मला पटत नाही.

म्हणून माझा विचार असा आहे: एसी आणि गिझर प्रत्येकी स्वतंत्र सर्किटावर आणि त्यांच्या प्रत्यक्ष वॅटने, ओट्यावरच्या 16 अँपिअरच्या सॉकेटांसाठी 4 चौरस मिलिमीटर तारेची 20 अँपिअरची दोन सर्किटे, 6 अँपिअरचे सॉकेट दिव्यांच्या सर्किटावर, पण एका सर्किटावर 10 पॉइंट किंवा 800 वॅटपेक्षा जास्त नाही, आणि सर्वांवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (प्रवाहाची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच).

परवानाधारक ठेकेदार किंवा विद्युत अभियंते असलेल्या सदस्यांना माझे प्रश्न असे आहेत. ओट्यावरच्या 6 अँपिअरच्या सॉकेटांना 100 वॅट न धरता तुम्ही प्रत्यक्षात किती धरता, आणि ते दिव्यांपासून वेगळे करता का? एमसीबी साधारणतः 30 अंश तापमानाला जुळवलेल्या असतात. नवी मुंबईच्या मे महिन्यात बंद डीबीमध्ये (एमसीबी बसवलेल्या पेटीत), रात्रभर चालणाऱ्या एसीसाठी, अमेरिकेतल्यासारखी 80 टक्क्यांची मर्यादा पाळावी का? आणि महावितरणकडे मंजूर भार वाढवून मागताना 12,400 वॅट हा पूर्ण आकडा द्यावा, की सूट वजा करून? थ्री फेज घ्यायचे की नाही, आणि सोसायटीच्या मीटर रूममधून वर येणारी मुख्य केबल बदलायची की नाही, हे त्यावर ठरणार आहे. ती केबल सामाईक पाइपमधून येत असल्याने भिंती फोडण्याआधीच समितीची परवानगी मागावी लागेल.