मदत हवी आहे: खाणीतल्या पंपांना व्हीएफडी लावून वीज खरंच वाचेल का?

नमस्कार मंडळी,

भूमिगत खाणीत पाणी उपसणाऱ्या पंपांचं काम माझ्याकडे आहे. वीज कमी करा म्हणून वरून तगादा आहे आणि सगळ्या मोठ्या पंपांना व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण, बसवायचं जवळपास ठरलंय. मला ते पटत नाही.

वेग २० टक्के उतरवला की वीज निम्म्यावर येते, हा हिशोब सगळा जोर पाइपातल्या घर्षणावर खर्च होत असेल तिथे लागू पडतो. आमच्याकडे हेड (पंपाला द्यावा लागणारा एकूण दाब, मीटरमध्ये मोजलेला) म्हणजे जवळजवळ निव्वळ उंची. वेग जरा जास्त उतरवला, की पाणी वर चढतच नाही, पंप ते आतल्या आत घुसळून तापवत बसतो.

विजेची खरी गळती मला दुसरीकडे दिसते. २०० मीटरच्या लेव्हलवर झिरपणारं पाणी आम्ही खाली ५०० मीटरवरच्या तळाच्या टाकीत सोडतो आणि तिथून परत वर आणतो. एक घनमीटर पाणी १०० मीटर चढवायला किमान ०.२७ युनिट लागतात. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ६० टक्के धरली तर ०.४५. म्हणजे ते ३०० मीटर फुकट उतरवल्याचे घनमीटरमागे सुमारे १.३६ युनिट! शिवाय ड्रिलिंगचं पाणी शिफ्ट संपल्यावरही वाहत राहतं, तेही उपसावं लागतंच.

वरच्या लेव्हललाच पाणी अडवावं असं माझं म्हणणं आहे. अडचण गाळाची. गाळाने टाकी अर्धी भरते, मग स्वस्त दराच्या तासांत पंप चालवायला साठाच उरत नाही. पंपातली वेअर रिंगही (पाणी आतल्या आत मागे फिरू न देणारी कडी) झिजते. अँमीटर जवळपास पूर्वीचाच आकडा दाखवतो, पाणी मात्र कमी येतं.

ज्यांनी हे काम केलंय त्यांना विचारायचंय:

मधल्या लेव्हलला गाळ बसवायची सोय कशी केलीत? दोन कप्पे करून आलटून पालटून साफ करणं जमतं का?

पंपाची कार्यक्षमता जागेवर कशी मोजता? आमच्या पाइपांत आतून क्षार बसलेत, त्यामुळे बाहेरून लावायच्या अल्ट्रासोनिक फ्लोमीटरवर भरवसा नाही. पाणी पंपातून जाताना किती तापलं यावरून कार्यक्षमता काढतात हे माहीत आहे, पण २०० मीटर हेड आणि ७० टक्के कार्यक्षमता असेल तर फरक जेमतेम ०.२ अंशाचा. गढूळ पाण्यात कुणी ही पद्धत वापरली आहे का?

बैठकीत आकडे घेऊन जायचंय, त्यामुळे प्रत्यक्ष अनुभव असेल तर जरूर लिहा. पंपाचा प्रकार, पाइपचा व्यास, काहीही लागलं तर विचारा, देतो.