स्वतःहून सोडून गेलेल्या बाईच्या अनएम्प्लॉयमेंटचा भुर्दंड माझ्या खात्यावर का?

पाळणाघरवाली_फ्रीमाँट

नमस्कार मंडळी, सकाळपासून डोकं भणभणलंय म्हणून लिहितेय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझं कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला छोटं प्रीस्कूल आहे, २०२३ मध्ये चालू केलं, आत्ता नऊ जणी पगारावर आहेत. एक लीड टीचर होती, वर्षाला ४८ हजारांच्या आसपास पगार, २०२४ चं पूर्ण वर्ष माझ्याकडे होती. डिसेंबरात तिने स्वतःहून राजीनामा दिला, ईमेल आहे माझ्याकडे, "मुलांबरोबरचं काम आता पुरे, ऑफिसात काम करून बघायचंय" असं लिहिलंय. मी केक आणला, निरोप दिला, विषय संपला. जानेवारीत ती दुसरीकडे लागली आणि तिथे एप्रिलच्या शेवटी तिला कमी केलं. वाईट वाटलं मला खरंच.

आता जूनमध्ये ईडीडीचं, म्हणजे राज्याच्या रोजगार खात्याचं, पत्र माझ्या नावाने! डीई १५४५ लिहिलंय वर कोपऱ्यात. तिच्या बेकारी भत्त्याच्या क्लेमसाठी तुमच्याकडचा पगार धरलाय आणि तुमच्या खात्यावर चार्ज लागू शकतो असं काहीतरी. मी गुणाकार केला, आठवड्याला ४५० डॉलर गुणिले २६ आठवडे म्हणजे ११,७०० डॉलर!! अहो माझ्याकडे महिन्याच्या शेवटी एवढे उरत पण नाहीत. काढलं त्यांनी आणि चेक मी फाडायचा, हा कुठला न्याय?

प्रश्न असे की १) हे पैसे खरंच मला भरायचे आहेत का, २) त्या दुसऱ्या कंपनीला सोडून मलाच का धरलंय, आणि ३) उत्तरात ती उशिरा यायची वगैरे लिहू का? कारण यायची तशी, आठवड्यातून दोनदा तरी.

---

पेरोलवाली_मावशी

ताई आधी पाणी प्या. ११,७०० चा चेक कोणी मागत नाहीये तुमच्याकडे.

मी सतरा वर्षं छोट्या धंद्यांचं पेरोल करतेय, हे पत्र आलं की दर दुसऱ्या क्लायंटचा असाच फोन येतो. चार्ज म्हणजे बिल नव्हे. तुमच्या नावाचं ईडीडीकडे एक रिझर्व्ह अकाउंट असतं, तुम्ही दर तिमाहीला यूआय (बेकारी विम्याचा) टॅक्स भरता तो त्यात जमा दाखवतात आणि तुमच्या माणसांना दिलेला भत्ता नावे टाकतात. सरळ खतावणी आहे. शिल्लक किती आणि तुमचा सरासरी टॅक्सेबल पगार किती, याचं गुणोत्तर दरवर्षी ३० जूनच्या आकड्यांवर काढतात आणि त्यावरून पुढच्या जानेवारीपासूनचा रेट ठरतो. डिसेंबरात रेट कळवणारं डीई २०८८ येतं ना, तेच ते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कारण खरी गंमत तिथे आहे. भत्ता किती द्यायचा आणि कोणाच्या खात्यावर टाकायचा हे शेवटच्या मालकावरून ठरत नाही, बेस पीरियडवरून ठरतं. पूर्ण झालेल्या शेवटच्या पाच तिमाह्यांपैकी पहिल्या चार. तिने मेमध्ये क्लेम टाकला ना? एप्रिल, मे, जूनमध्ये टाकलेल्या क्लेमला मागचं जानेवारी ते डिसेंबर धरतात. म्हणजे २०२४. आणि २०२४ मध्ये ती फक्त तुमच्याकडेच होती. म्हणून शंभर टक्के तुमच्यावर आणि ज्यांनी काढलं त्यांच्यावर शून्य, कारण त्यांनी दिलेला पगार त्या खिडकीत बसतच नाही. दोन मालक असते तर ज्याने जेवढा पगार दिला त्या प्रमाणात वाटणी झाली असती. ज्यांनी काढलं त्यांना वेगळं पत्र गेलं असेल, डीई ११०१सीझेड, त्याला दहा दिवसांत उत्तर द्यायचं असतं. पण ते तिला भत्ता मिळावा की नाही यासाठी, तुमच्या खात्याचा प्रश्न तुमच्या पत्रातच सुटतो.

आणि सुटतो बरं का. स्वतःहून, सबळ कारण नसताना सोडलं असेल किंवा गैरवर्तनामुळे काढलं असेल तर बेस पीरियडच्या मालकाला चार्जमधून सूट मागता येते. भत्ता तिला मिळतोच, तुम्ही तिच्या ताटातलं काही काढून घेत नाही, फक्त नोंद तुमच्या नावे पडत नाही. पण पत्रावर जी मेलिंगची तारीख छापलीय तिथपासून १५ दिवसांत उत्तर गेलं पाहिजे, आणि ते कॅलेंडरचे दिवस, शनिवार रविवार धरून. कितवा दिवस आहे आज??

तिसरा प्रश्न: नका. अजिबात नका लिहू. उशिरा यायचीचा इथे काय संबंध? तुम्ही म्हणताय तिने सोडलं, आणि खाली तक्रारी लिहिल्यात तर वाचणाऱ्याला वाटेल की तुम्हीच काढलंत आणि राजीनामा नावापुरता घेतलात. शिवाय कामात कच्चं असणं म्हणजे गैरवर्तन नव्हे, ते वेगळं सिद्ध करावं लागतं. कामाचा शेवटचा दिवस, कोणी संपवलं, तिच्या शब्दांत कारण, राजीनाम्याची प्रत. चार ओळी बास.

---

एडिसनचा_कंत्राटदार

मावशींनी बरोबर सांगितलंय, मी फक्त पूर्वेकडची बाजू लावतो कारण इथे वाचणारे सगळेच कॅलिफोर्नियातले नाहीत आणि प्रत्येक राज्याचं गणित वेगळं आहे.

माझी न्यू जर्सीत आयटी स्टाफिंगची छोटी फर्म आहे. तुमच्याकडे माणशी वर्षाच्या पगारातल्या पहिल्या ७,००० डॉलरवरच टॅक्स लागतो, आमच्याकडे २०२५ ला ४३,३०० वर. वॉशिंग्टन राज्यात तर त्याच वर्षी ७२,८००. म्हणून "माझा रेट इतका टक्के" ही तुलना दोन राज्यांत करण्यात काही अर्थ नाही, टक्का कशावर लागतो ते आधी बघा. आमच्याकडे नोकरदाराच्या पगारातूनही यूआयचे कापतात, ०.३८२५ टक्के, म्हणजे २०२५ ला जास्तीत जास्त १६५ डॉलरच्या आसपास. असं कापणारी राज्यं तीनच, आम्ही, पेनसिल्व्हेनिया आणि अलास्का. बाकी सगळीकडे मालकाचा खिसा. कोणाच्या डोक्यात "पगारातून वळते करून घेऊ" असं येत असेल तर तो विचार सोडा.

माझी चूक सांगतो. क्लायंटचं कंत्राट संपलं, माझी तीन माणसं बसली, त्यात भांडायला काही नव्हतंच, काम नव्हतं म्हणून बसली. पण चौथा एक होता, सरळ सोडून गेलेला, त्याचं पत्र जुन्या ऑफिसच्या पत्त्यावर गेलं कारण मी पत्ता बदलून घेतलाच नव्हता. मुदत गेली, चारही चार्ज बसले आणि पुढच्या जुलैला रेट चढला (आमचं वर्ष १ जुलैला चालू होतं). एक सोय मात्र आहे, रेटची नोटीस आल्यावर ३० दिवसांत स्वेच्छेने जादा रक्कम भरून शिल्लक वाढवता येते आणि रेट एखादी पायरी खाली येतो. मी बसून हिशोब केला, भरायचे होते ते वाचणाऱ्यापेक्षा कमी निघाले, भरून टाकले.

आणि ताई, "हा कुठला न्याय" म्हणालात ना, ही कल्पना विस्कॉन्सिनची, १९३२ च्या कायद्यातली. प्रत्येक मालकाचं खातं वेगळं, माणसं काढशील तर तुझा रेट वाढेल, म्हणजे काढताना तो दोनदा विचार करेल. हेतू चांगला, पण तुमच्या केसमध्ये नेम चुकला, काढलं एकाने आणि गोळी लागली दुसऱ्याला.

---

पाळणाघरवाली_फ्रीमाँट

अहो अकरावा दिवस आहे आज!! पत्र टेबलावर पडलं होतं, मुलांच्या चित्रांच्या गठ्ठ्याखाली. राजीनाम्याचा ईमेल शोधते आधी. पण समजा सूट नाहीच मिळाली तर साधारण किती वाढेल हो? आत्ता माझा रेट ३.४ आहे.

---

पेरोलवाली_मावशी

३.४ म्हणजे नव्या मालकाचा ठरलेला रेट, तो पहिली दोन-तीन वर्षं असतो. ३.४ टक्के गुणिले ७,००० म्हणजे माणशी २३८, नऊ जणींचे २,१४२. तुमच्या खात्यात दोन वर्षांचे मिळून फार तर साडेचार-पाच हजार जमा असतील आणि त्यातून ११,७०० गेले तर खातं उणे. उणे खात्याला वरचा रेट, ६.२ टक्के. माणशी ४३४, नऊ जणींचे ३,९०६. म्हणजे वर्षाला १,७६४ जास्त, आणि खड्डा भरून शिल्लक उभी राहीपर्यंत हे दोन-चार वर्षं तरी चालणार. एकरकमी ११,७०० नाही, पण फुकटही नाही. आणि हे तिने पूर्ण २६ आठवडे भत्ता घेतला तर, आधी नोकरी लागली तर चार्ज तेवढाच कमी.

एक मेख सांगते जी पाळणाघरांत हमखास लागते. ७,००० ची मर्यादा माणसाची आहे, जागेची नाही. एका वर्गावर वर्षात तीन बाया बदलल्या तर तिघींच्या पहिल्या सात-सात हजारांवर टॅक्स. नऊ जागा आणि वर्षाअखेर चौदा डब्ल्यू-२ (पगाराचे वार्षिक दाखले) निघाले तर चौदांचे भरा. माझ्या क्लायंटांचा यूआय चार्जमुळे वाढतो त्याहून जास्त या ये-जा मुळे वाढतो, पण ते कोणाच्या लक्षात येत नाही कारण त्याचं पत्र येत नाही.

एडिसनवाल्यांनी सांगितलं ते स्वेच्छेने भरणं आपल्याकडे सध्या नाही. कायद्यात आहे, पण फंड कोरडा असताना जो वरचा तक्ता लागू असतो, एफ प्लस, तो चालू असेपर्यंत बंद. आणि तो गेली कित्येक वर्षं चालूच आहे.

---

हिशोबनीस_सॅन_होजे

फंड कोरडा वरून आठवलं, फेडरलचा फटका विसरू नका. फुटा म्हणजे केंद्राचा बेकारी टॅक्स, त्याचा मूळ दर ६ टक्के, राज्याचा टॅक्स वेळेवर भरला की ५.४ ची सूट, म्हणजे माणशी ७,००० वर फक्त ४२ डॉलर. पण कॅलिफोर्नियाने कोविडच्या काळात केंद्राकडून सुमारे २० अब्ज डॉलर उसने घेतले ते फिटले नाहीत म्हणून ती सूट दरवर्षी ०.३ ने कापली जातेय. २०२४ साठी ०.९ कापली, म्हणजे ४२ चे १०५ झाले. इथे तुमचं रेकॉर्ड कितीही धुतलेलं असो, एक माणूस काढलेला नसो, सगळ्यांना सारखंच. फुटाचा फॉर्म ९४० भरताना जानेवारीत एकदम बसतो हा फटका, आत्ताच बाजूला काढून ठेवा.

---

खजिनदार_ऑस्टिन

"चार्ज म्हणजे बिल नव्हे" हे वाचून खरंच हेवा वाटला. आमच्याकडे ते बिलच असतं 😀

मी इथे टेक्सासात एका छोट्या नॉन-प्रॉफिटचा खजिनदार आहे (फुकटची हमाली). ५०१ सी ३ (करमुक्त धर्मादाय) संस्थांना फुटा नाही, आणि राज्याचा टॅक्स भरायचा की रीइम्बर्सिंग व्हायचं हे निवडता येतं. रीइम्बर्सिंग म्हणजे दर तिमाहीला टॅक्स शून्य, पण तुमच्या माणसाला भत्ता गेला की जेवढे गेले तेवढे डॉलरला डॉलर भरा. आमच्या आधीच्या मंडळाने हेच निवडलं होतं, वर्षानुवर्षं कोणी गेलं नाही, सगळे खूश, "बघा किती वाचवले". मग एक ग्रँट संपली, दोघींना कमी करावं लागलं आणि तिमाहीची बिलं सुरू. दोघींचे मिळून १४ हजारांच्या घरात गेले, आणि ग्रँट संपलेली असताना! पैसे नसतात तेव्हाच माणसं कमी होतात आणि नेमकी तेव्हाच बिलं येतात. शिवाय इथे टॅक्स भरणाऱ्या मालकाला स्वतःहून सोडून गेलेल्याच्या चार्जमधून सूट मिळू शकते, रीइम्बर्सिंगवाल्याला ती नाही.

कोविडमध्ये रीइम्बर्सिंगवाल्यांचा अर्धा भार केंद्राने उचलला होता, २०२१ च्या एप्रिलपासून ७५ टक्के, पण ती सोय त्याच वर्षी संपली. कोणी मंडळाच्या, देवळाच्या, शाळेच्या कमिटीवर असेल आणि पगारी माणसं असतील तर आपण कुठल्या पद्धतीत आहोत ते फक्त विचारून बघा. निम्म्या कमिट्यांना माहीत नसतं. आम्हालाही नव्हतं.

---

सध्या_घरीच

मी या कथेतल्या दुसऱ्या बाजूचा. फेब्रुवारीत लेऑफ झाला, अनएम्प्लॉयमेंटवर होतो. एवढंच म्हणेन की ताईंचं प्रकरण सरळ आहे, पण काही मालक रेट वाचवायला प्रत्येक क्लेमवर "गैरवर्तन" ठोकून देतात आणि मग आमचा चेक अडकतो, सुनावणी, फोन, घरभाडं डोक्यावर. माझ्याबरोबर कमी केलेल्या एकाचं असं झालं, शेवटी त्याला मिळाले पण सात आठवडे गेले.

---

पेरोलवाली_मावशी

@सध्या_घरीच खरंय. खोटं लिहायला सांगणाऱ्या क्लायंटला मी नाही म्हणते. आणि उशिरा किंवा अर्धवट उत्तरं द्यायची सवय असलेल्या मालकांना तर २०१३ पासून केंद्राच्या नियमानेच अडचण आहे, चुकून दिलेला भत्ता नंतर परत घेतला तरी त्यांच्या खात्यावरचा चार्ज निघत नाही.

---

पाळणाघरवाली_फ्रीमाँट

अपडेट. ईमेल सापडला, १२ डिसेंबरचा. मावशी म्हणाल्या तशा चारच ओळी लिहिल्या, उशिरा यायचीचं वाक्य दोनदा लिहून दोनदा खोडलं 🙈 ईमेलची प्रिंट जोडून आज बाराव्या दिवशी पाठवलं. आणि तिलाच फोन केला शेवटी, म्हटलं तिला दुसरीकडून कळायला नको. ती बिचारी घाबरली की माझा भत्ता बंद होणार का, तिला समजावलं की तुझ्या पैशांशी याचा संबंध नाही, नोंदीचा घोळ आहे. सप्टेंबरपासून सकाळची शिफ्ट करशील का विचारलं, विचार करते म्हणाली.

---

पेरोलवाली_मावशी

पाठवल्याची पावती जपून ठेवा. आणि शरद ऋतूत वर्षभराच्या चार्जचं स्टेटमेंट येईल, डीई ४२८टी, ते चित्रांच्या गठ्ठ्याखाली जाऊ देऊ नका, त्यात तिचं नाव दिसलं तर हरकत घ्यायला ६० दिवस असतात.