घाटातल्या लहान डिझेल पिकअपला मुंबईचा दरवाजा बंद करू नका

वाशीचा पिकअपवाला

आमच्या दोन पिकअप आहेत, दोन्ही डिझेल, दोन्ही बीएस-6, म्हणजे धुराच्या नव्या, कडक नियमांच्या. एक रात्री निफाड-सिन्नरकडून टोमॅटो, कोबी भरून निघते आणि कसारा घाट उतरून पहाटे तीनच्या आत वाशी मार्केटला लागते. दुसरी दिवसभर वाशी ते बोरिवली माल पोचवते.

जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की पेट्रोल-डिझेलच्या गाड्या मुंबई महानगरातून टप्प्याटप्प्याने काढता येतील का, याचा अभ्यास करा. सरकारने त्यासाठी सात जणांची समिती नेमली. त्याआधी 2023 मध्ये माजी पेट्रोलियम सचिव तरुण कपूर यांच्या समितीची शिफारस आली होती, की दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहरांत 2027 पर्यंत डिझेलच्या चारचाकी बंद कराव्यात.

माझं म्हणणं एवढंच, की सगळी डिझेल एका तराजूत तोलू नका. सर्वांत हलक्या मालवाहू डिझेल गाडीला बीएस-4 मध्ये किलोमीटरमागे 250 मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड चालत होतं, बीएस-6 मध्ये 80. काजळीचे कण 25 मिलिग्रॅमवरून साडेचारवर आले. हे सगळं बसवायचे पैसे गाडी घेताना आम्हीच मोजले. आता तीच गाडी नको म्हणता? कमी आरपीएमवर, म्हणजे हळू फिरतानाही, ओढ देणारं इंजिन घाटात लागतंच. धूर मोजा, इंधनाचं नाव बघून हाकलू नका.

चेंबूरची आई

तुमची बोरिवलीची गाडी सायन-पनवेल रस्त्याने जाते ना, त्याच रस्त्याला आमची खिडकी आहे. माझा मुलगा सात वर्षांचा. डिसेंबर-जानेवारीत नेब्युलायझर त्याच्या उशाशी असतो.

डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून 2012 मध्येच जाहीर केलंय. पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे संशयाला जागा ठेवलेली नाही. मुंबईच्या टॅक्सी न्यायालयाच्या रेट्याने सीएनजीवर गेल्या तेव्हाही टॅक्सीवाल्यांचं पोट मारलं जाईल म्हणून ओरड झाली होती. टॅक्सी राहिल्या, धूर कमी झाला. पिकअपला वेगळा न्याय का?

दादरचा फूलवाला

पिकअपवाले दादा, एक विचारतो. भरलेली गाडी घाट उतरते, मग ओढ कशाला लागते? माझा सीएनजी टेम्पो रोज कल्याणहून फुलं घेऊन दादरला येतो, शहरात त्याला काही कमी पडत नाही.

वाशीचा पिकअपवाला

परतीचं भाडं धरा. वाशीतून सफरचंदाच्या, संत्र्याच्या पेट्या भरून तोच घाट चढावा लागतो. रिकामी गाडी परत नेली तर हप्ता कुठून भरू? आणि सीएनजीची रांग तुम्हाला ठाऊक आहेच. नोव्हेंबर 2025 मध्ये गॅसच्या मुख्य वाहिनीला धक्का लागला, वडाळ्याच्या केंद्रात येणारा गॅस अडला आणि अख्ख्या मुंबईत रिक्षा-टॅक्सी पंपांवर ताटकळल्या. त्या दिवशी भाजी कुणी आणली असती?

दादरचा फूलवाला

त्या दिवशी माझी फुलं खरंच अडकली. ते नाकारत नाही. सिलिंडरची तीन वर्षांनी दाबचाचणी, टाकीने खाल्लेली मालाची जागा, हेही आहेच. तरीही शहरात मी परत डिझेल घेणार नाही.

ठाण्याचा इंजिनीअर

आधी एक दुरुस्ती. 80 चा आकडा सर्वांत हलक्या वर्गाचा आहे. तुमच्यासारख्या जड पिकअपला बीएस-6 मध्येही 125 चालतात. ही सवलत आहे, ती लपवू नये.

दुसरं, लहान डिझेल बाजारातून कसं जातंय ते बघा. 2005 मध्ये टाटा एस आली, आपला छोटा हत्ती, 702 सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल घेऊन. 2016 मध्ये मारुतीची सुपर कॅरी 793 सीसीचं डिझेल घेऊन आली. एप्रिल 2020 पासून मारुतीने डिझेल सोडलं आणि सुपर कॅरी पेट्रोल-सीएनजीवर राहिली. 2025 मध्ये एस प्रो आली ती पेट्रोल, सीएनजी आणि विजेवर, तिच्यात डिझेल नाहीच. या इंजिनांवर बंदी कुणी घातली नव्हती. फिल्टर, कॅटॅलिस्ट, सेन्सर, जास्त दाबाचा पंप यांचा खर्च इंजिन अर्धं झालं म्हणून अर्धा होत नाही. अडीच लिटरच्या पिकअपला तो झेपतो, पाऊण लिटरच्या टेम्पोला डोईजड होतो.

त्यात 2012 च्या सुमारास पेट्रोल-डिझेलमध्ये तीसेक रुपयांचा फरक होता. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचा भाव मोकळा झाला आणि तो फरक आटला. स्वस्त डिझेलवर उभा राहिलेला धंदा आता दुसऱ्या पायावर उभा करावा लागेल.

भांडुपचा मेकॅनिक

सगळे कागदावरचे आकडे बोलताय, मी गाडीखाली झोपून बघतो ते सांगतो.

बीएस-6 डिझेलच्या सायलेन्सरमध्ये जाळीचा फिल्टर असतो, डीपीएफ. काजळी त्यात अडकते. ती जाळायला आत सहाशे डिग्रीच्या आसपास उष्णता लागते आणि गाडी पंधरा-वीस मिनिटं न थांबता पळावी लागते. हायवेला हे चालता चालता होतं. साकीनाक्याच्या ट्रॅफिकमध्ये कसं होणार? इंजिन जादा डिझेल टाकून जाळी तापवायला घेतं, तेवढ्यात ड्रायव्हर माल उतरवायला चावी बंद करतो. काजळी अर्धवट जळते. असं दहा वेळा झालं की लाइट पेटते, गाडी दम धरत नाही. ते न जळलेलं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसलं, तर समजा इंजिनची वाट लागतेय.

मग मालक काय करतो? नवा फिल्टर परवडत नाही. कुणीतरी आतली जाळी फोडून रिकामा डबा परत बसवून देतो आणि कॉम्प्युटरमध्ये फेरफार करून लाइट विझवतो. माझ्याकडे महिन्याला दोन-तीन जण हेच मागायला येतात. मी करत नाही, ते पुढच्या गॅरेजला जातात. पीयूसीत डिझेलचा फक्त धूर बघतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. ताई, तुमच्या खिडकीखालून जाणाऱ्या गाड्यांत असे रिकामे डबे आहेत.

पिकअपवाले, तुमची घाटातली गाडी डिझेल ठेवा, तिचा फिल्टर हायवेला आपोआप साफ होतो. बोरिवलीची गाडी मात्र डिझेलसाठी चुकीच्या जागी आहे.

वाशीचा पिकअपवाला

बोरिवलीच्याच गाडीची लाइट दोनदा पेटली. सर्व्हिसवाल्याने ‘ड्रायव्हर नीट चालवत नाही’ म्हणून वर दटावलं आणि बिल हातात दिलं. आता कळलं चूक कुठे आहे. ती मी विकून सीएनजी घेईन. पण घाटाची गाडी सोडणार नाही. समितीने पासिंगच्या वेळी फिल्टर उघडून बघावा, रिकामा सापडला तर परवाना काढून घ्यावा. माझ्यापासून सुरू करा.

चेंबूरची आई

तपासणी खरी होईल, हे मला कुणी लिहून दिलं तर तुमची एक गाडी मला चालेल. तोवर मी बंदीच्याच बाजूने आहे. फिल्टर आहे की डबा रिकामा आहे, हे बाहेरून आम्हाला कळणार तरी कसं?

भांडुपचा मेकॅनिक

कळतं ताई. इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या तोंडात आतून पांढरा रुमाल फिरवायचा. फिल्टर शाबूत असेल तर काजळी जवळजवळ लागतच नाही. रुमाल काळा आला, तर गाडीत काहीतरी गडबड आहे. पासिंगला एवढं जरी केलं, तरी बऱ्याच गाड्या तिथेच सापडतील.