मदत हवी आहे : औंध संस्थानाच्या काळातली जन्मनोंद कुठे शोधावी?

नमस्कार मंडळी. आमचे आजोबा आटपाडी तालुक्यातले. जन्मभर खिल्लार जनावरं राखली आणि त्यावरच घर उभं केलं. आता नव्वदीच्या पुढे आहेत, पण नक्की किती पुढे ते कुणालाच माहीत नाही. आधार कार्डावर १ जानेवारी १९३५ आहे, ती अंदाजाने टाकलेली. ते म्हणतात, "संस्थान गेलं तवा मी बैलजोडी घेऊन एकटा बाजाराला जायचो." औंध विलीन झालं १९४८ ला. तेरा वर्षांच्या पोराच्या हाती खिल्लार जोडी कोण देईल? म्हणून मला १९३५ पटत नाही.

त्यांच्या सगळ्या आठवणी दावणीभोवतीच्या. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली, पण गाय विकली नाही. खिल्लार गाय दूध देऊन देऊन देणार किती! पण तिच्या खोंडाला खरसुंडीच्या यात्रेत भाव यायचा, आत्यांची लग्नं त्याच पैशात झाली. २०१४ ला बैलगाडा शर्यतींवर बंदी आली तेव्हा मात्र ते खचले (आजी गेल्यावरही एवढे नाहीत, असं आत्या म्हणते).

तर, कोतवाल बुकातली (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीतली) नोंद बघायची आहे. आटपाडी आज सांगली जिल्ह्यात, औंध साताऱ्यात. मग संस्थानी दप्तर तहसीलला असेल की कोल्हापूरच्या पुरालेखागारात? शाळेत ते गेलेच नाहीत, त्यामुळे तो दाखला नाही. आणि नोंद मोडी लिपीत असली तर वाचून देणारं कुणी आहे का इथे?