मदत हवी आहे: श्रोडर (जर्मन) आडनावाचं मूळ गाव आणि घराण्याचं चिन्ह, अर्जंट

मीनल_आयोवा
नमस्कार मंडळी. नवऱ्याचं आडनाव श्रोडर. ऑगस्टमध्ये सासरच्यांचं रियुनियन आहे, साठेक माणसं येणार, आणि नणंदेने "तू कॉम्प्युटरवाली ना, मग मूळ गाव आणि घराण्याचं चिन्ह शोधून दे, टीशर्टवर छापू" म्हणत काम माझ्या गळ्यात मारलंय. तीन रात्री घालवल्या. गूगल केलं की सारखा जर्मनीचा तो माजी चान्सलर गेरहार्ड श्रोडर येतो. अर्थ कुठे शिंपी लिहिलाय, कुठे पिंपं ढकलणारा. नक्की काय? आणि गाव कुठलं? टीशर्टवाल्याला शुक्रवारी डिझाईन द्यायचंय, प्लीज लवकर.

कुलवृत्तांती
कोण आलं, कधी आलं, अमेरिकेत कुठे उतरलं, प्रोटेस्टंट की कॅथलिक? यातलं काहीच लिहिलं नाहीये. जर्मनीतल्या पहिल्या वीस-पंचवीस आडनावांत श्रोडर येतं. "जाधवांचं मूळ गाव कुठलं" असं विचारलं तर काय सांगणार?

चिकट_नमुना
एवढं कशाला, नवऱ्याची डीएनए टेस्ट करा. मी केली, माझ्या बायकोचे नॉर्वेत चुलत भाऊ निघाले. सेलमध्ये स्वस्त मिळतं किट.

कुलवृत्तांती
डीएनएवर गावाचं नाव छापून येत नाही हो. आणि रिपोर्ट शुक्रवारपर्यंत येणार आहे का?

मोझेलकाठी
मी ट्रिअरला, मोझेल नदीकाठच्या वाइनच्या भागात, चार वर्षं होतो. आमच्याकडे श्र्योटर म्हणजे वाइनची पिंपं तळघरात उतरवणारे हमाल, दोन लाकडी ओंडके तिरपे टाकून दोरांनी पिंप सोडायचे. त्यांचा पक्का धंदा होता. श्रोडर तेच. टीशर्टवर पिंप टाका, बिनधास्त.

लो_जर्मन
अर्धं बरोबर. वाइनच्या भागात ते खरं आहे, पण उत्तरेत नाही. उत्तरेकडच्या जुन्या बोलीत श्रोडन किंवा श्राडन म्हणजे कापणं, कापड कापणारा तो श्रोडर, म्हणजे शिंपी. दक्षिणेत आणि मध्य जर्मनीत त्यालाच श्नायडर म्हणत, तेही कापणं या क्रियापदावरूनच. पुढे लिखाणाची भाषा दक्षिणेकडची झाली आणि शिंप्याला सगळीकडे श्नायडर म्हणायला लागले, पण आडनावं आधीच गोठली होती, ती तशीच राहिली. ब्राउनश्वाइगकडे श्राडर, खालच्या ऱ्हाइनकडे श्रोअर, हॉलंडमध्ये श्रोयडर, सगळी एकाच कात्रीची. म्हणून आधी कुठल्या भागातले ते कळलं पाहिजे, मग अर्थ.

बारा_बलुते
आपल्याकडे शिंपी, सुतार, सोनार आहेतच, शिवाय पोतदार, चिटणीस, फडणीस. आणि जर्मन बर्लिनर, विनर म्हणजे आपले नागपूरकर, सातारकर. आमचे मूळ सबनीस, पेशवाईत

कुलवृत्तांती
बारा_बलुते, सबनीसांसाठी वेगळा धागा काढा. मीनलताई, माहिती?

मीनल_आयोवा
सॉरी, मला वाटलं आडनावावरूनच सगळं निघतं. सासऱ्यांचे पणजोबा हेन्री, आयोवात शेती, चर्च लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट. थडग्यावर जन्म १८४३, मृत्यू १९११. १९०० च्या सेन्ससमध्ये आल्याचं वर्ष १८६९ दिलंय. सासूबाईंच्या बायबलमध्ये एक घडी घातलेला जर्मन कागद आहे, फोटो टाकतेय. गावाचं नाव टागेलोनर असं काहीतरी आहे, पण मॅपवर मिळत नाही. आणि आडनाव एलिस आयलंडवर (न्यूयॉर्कचं ते परदेशातून येणाऱ्यांना तपासायचं केंद्र) बदललं असं घरात सगळे म्हणतात.

घाटावरचा
ते खरंय, एलिस आयलंडवर क्लार्क लोक वाट्टेल ते स्पेलिंग करायचे.

लो_जर्मन
एलिस आयलंड १८९२ ला सुरू झालं, हा माणूस १८६९ ला आलाय. न्यूयॉर्कला उतरला असेल तर कॅसल गार्डन, एलिस आयलंडच्या आधीचं केंद्र. आणि तिथले क्लार्क बोटीची यादी बघून टिक करायचे, ती यादी निघायच्या बंदरात लिहिलेली असे. जर्मन स्पेलिंगमधले ओ वरचे दोन ठिपके (Schröder) नंतर शेजारीपाजारी आणि सेन्ससवाल्यांच्या हातून हळूहळू गळाले.

मोडीवाली
ताई, फोटो बघितला. ही कुरेंट लिपी, आपल्या मोडीची बहीण समजा, हात न उचलता लिहिलेली, ई आणि एन सारखेच दिसतात. मी पुण्यात मोडी शिकले आणि मग हे शिकायला जड गेलं नाही. तुमचं गाव म्हणजे गाव नाहीच! टागेलोनर म्हणजे रोजंदारीवरचा मजूर. हा बाप्तिस्म्याचा दाखला आहे, बापाचा धंदा लिहिलाय. मुलाचं नाव योहान योआखिम हाइनरिश. योहान तिकडे निम्म्या पोरांना लागायचं, हाक मारायचे शेवटच्या नावाने, म्हणून अमेरिकेत हेन्री. पण फोटोचा खालचा भाग कुठाय?

मीनल_आयोवा
खाली नुसता शिक्का आणि कोणाची तरी सही होती, डाग पडलेत, म्हणून क्रॉप केला.

मोडीवाली
अहो त्या शिक्क्यातच तर सगळं असतं 😄 तेवढाच टाका.

चिकट_नमुना
किटचा सेल उद्या संपतोय, सांगून ठेवतो.

शेंगेन_हेल्प
कोणाला मुंबईतून जर्मन व्हिसाची अपॉइंटमेंट मिळतेय का? दीड महिना बघतोय. धागा जर्मनीचा दिसला म्हणून इथे विचारलं.

मीनल_आयोवा
टाकला.

मोडीवाली
सहीच्या खाली यॉर्डेनश्टोर्फ. लांब एस आणि एफ सारखेच दिसतात, पण खात्री आहे.

लो_जर्मन
म्हणजे उत्तर जर्मनीतलं मेक्लेनबुर्ग, टेटेरो गावाजवळ! मग शिंपी. मोझेलकाठी, माफ करा, तो काही वाइनचा भाग नाही.

आता थोडं सांगतो, कारण हे लोक का गेले ते आडनावापेक्षा महत्त्वाचं. मेक्लेनबुर्गमध्ये बरीचशी जमीन जमीनदारांच्या इस्टेटींची. वेठबिगारी १८२० मध्ये कायद्याने गेली, पण इस्टेटीवर राहायची परवानगी मालकाच्या हातात राहिली आणि ती नसेल तर मजुराला लग्नही करता येत नसे. बायको-पोरं आधी, लग्न जमेल तेव्हा, अशी कितीतरी घरं. ज्याला जमलं त्याने हाम्बुर्गची बोट धरली. म्हणून दाखल्यात बापाचं नाव लिहिलंय का ते नीट बघा. लग्नाआधीचं मूल असेल तर आडनाव आईकडून आलेलं असू शकतं.

मोडीवाली
लिहिलंय, बाप आणि आई दोघंही. औरस.

घाटावरचा
म्हणजे शिंपी आडनाव आणि काम मजुरीचं?

लो_जर्मन
मग काय. शिंपी असणारा पूर्वज त्याच्याही चार-पाचशे वर्षं मागचा. पाटील आडनावाचा माणूस आयटीत असतो तसंच. वेस्टफालियाचे श्रोडर असते तर आणखी गंमत झाली असती, तिकडे घरजावई शेतावर आला की शेताचंच आडनाव लावायचा.

कुलवृत्तांती
मीनलताई, आता क्रमाने. हाम्बुर्गच्या प्रवासी याद्या १८५० पासून शिल्लक आहेत, त्यात निघण्याआधीचं राहतं गाव असतं (ब्रेमेनच्या बहुतेक नष्ट झाल्या, तुमचं नशीब). १८६९ च्या आसपास हाइनरिश बघा, थेट आणि इंग्लंडमार्गे अशा दोन्ही याद्यांत. मेक्लेनबुर्ग-श्वेरिनची १८६७ ची जनगणना आहे, त्यात तो चोवीस वर्षांचा सापडायला हवा, आणि १८१९ ची आहे त्यात त्याचा बाप पोरगा म्हणून असेल. स्पेलिंग श्रोडर, श्रोएडर, श्र्योटर, श्राडर सगळी टाका. आणि आयोवातल्या चर्चमध्ये फोन करा, जुनी दफन नोंदवही जर्मनमध्येच असेल.

मीनल_आयोवा
चर्चला फोन केला! सेक्रेटरी बाई म्हणाल्या जर्मन वह्या १९१८ पर्यंत आहेत, मग अचानक इंग्लिश. काय झालं तेव्हा?

लो_जर्मन
पहिलं महायुद्ध. १९१८ च्या मेमध्ये आयोवाच्या गव्हर्नर हार्डिंगने फर्मान काढलं, शाळेत, चर्चमध्ये, रस्त्यावर, अगदी फोनवरसुद्धा फक्त इंग्लिश.

मीनल_आयोवा
अच्छा!! म्हणून सासऱ्यांचे आजोबा जर्मन येत असूनही घरात कधी बोलले नाहीत. सासरे म्हणायचे, ते अबोलच होते. बरं, चिन्हाचं काय? एका साईटवर मस्त सिंहवालं श्रोडर चिन्ह आहे, पंचवीस डॉलरला.

कुलवृत्तांती
घेऊ नका. चिन्ह एका घराण्याला मिळतं, आडनावाला नाही. हजारो श्रोडर घराण्यांपैकी एखाद्याचं असेल, तुमचं नव्हे. त्या साईटवर शिंदे टाकून बघा, तोच सिंह येईल.

मोझेलकाठी
पिंप काढायला सोपं असतं, एवढंच म्हणतो.

मीनल_आयोवा
डिझाईन दिलं. पुढे कात्री, मागे यॉर्डेनश्टोर्फ १८४३. नणंदेला कात्री आवडली, पण मजूर हा शब्द आवडला नाही, विचारतेय की रियुनियनच्या भाषणात "इस्टेटीशी संबंधित" म्हणता येईल का.

मोडीवाली
म्हणू दे, खोटं तर नाहीये. पण तो कागद बायबलमधून काढून ॲसिड-फ्री कागदात ठेवा, घडीवर फाटायला आलाय.