माळावर, तलावाकाठी एकटा तंबू ठोकू द्यावा का?

पथारी:
गेल्या महिन्यात लेकीला घेऊन धरणाकाठच्या एका कॅम्पवर गेलो होतो. माणशी दीड हजार. तंबूला तंबू खेटलेला, आमची दोरी शेजाऱ्याच्या खुंटीत अडकलेली, रात्री एकपर्यंत स्पीकर. पाणी वीस पावलांवर होतं, पण एकदाही कानावर आलं नाही. सकाळी पोरगी म्हणाली, "बाबा, तारे दिसणार होते ना?"

त्याआधी दोन वर्षांपूर्वी इंदापूरकडे ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक माळावर आम्ही दोघंच राहिलो होतो. दिवा नाही, संडास नाही, दहा लिटर पाणी सोबत नेलेलं. विजेरीच्या उजेडात मोज्यांतली कुसळं उपटत बसलो होतो तेव्हा लांबून लांडग्याची आरोळी आली. लेक मांडीवर येऊन बसली, पण घरी जाऊ म्हणाली नाही.

माझं म्हणणं असं, की जलाशयांच्या काठी आणि माळरानांवर काही भाग ठरवून तिथे असा बिनसोयीचा, विखुरलेला मुक्काम अधिकृतपणे करू द्यावा. नाव नोंदवायचं, दोन तंबूंत दोनशे मीटर अंतर ठेवायचं, जाळ करायचा नाही, दोन रात्रींपेक्षा जास्त राहायचं नाही, कचरा घरी न्यायचा. आज १९२७ च्या वन कायद्यानुसार राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं गुन्हा आहे. त्यामुळे लोक एकतर चोरून जातात, नाहीतर स्पीकरवाल्यांकडे. माळाला आपण पिढ्यानपिढ्या 'पडीक' म्हणत आलो आणि उद्योगांना, रस्त्यांना, सौर पॅनेलना देत आलो. तिथे रात्र काढलेली माणसं वाढली तर त्याच्या बाजूनं बोलणारी माणसंही वाढतील.

टिटवी:
दादा, लेकीचं वाचून वाईट वाटलं. तरीही माझा विरोध आहे.

एप्रिलमध्ये एका तलावाच्या उघड्या पडलेल्या काठानं चालले होते. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली तशी मी जागीच थांबले. पाच मिनिटं नुसती जमीन बघत होते. बुटापासून वीतभर अंतरावर चार अंडी होती, निमुळती टोकं आत वळवलेली, रंग अगदी मातीतल्या खड्यांचा. घरटं असं काहीच नाही. तंबूवाला माणूस सपाट, मोकळी, जरा उंचवट्याची जागा शोधतो. टिटवीही तीच शोधते. धाविक आणि चंडोल हे पक्षीही जमिनीवरच अंडी घालतात. उन्हं चढली की टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. तुम्ही जवळ चहा करत बसलात तर ती अंड्यांवर येत नाही. तुम्ही काहीच वाईट केलेलं नसतं आणि अंडी उकडून गेलेली असतात.

मग हिवाळ्यात या, असं कुणी म्हणेल. नोव्हेंबर ते जानेवारी हा लांडग्यांचा पिल्लांचा काळ. बिळाजवळ माणसाची वर्दळ झाली की मादी एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे हलवते. आणि गवत तेव्हा वाळून कडक झालेलं असतं, एक ठिणगी पुरते. पावसाळ्यात गवत उगवतंय. माळाला रिकामा हंगामच नाही.

तुमच्या दोनशे मीटरांबद्दल तर माझं मत तुमच्या अगदी उलट आहे. गर्दीचा कॅम्प एक एकर नासवतो. विखुरलेले तंबू तोच त्रास शंभर एकरांवर पसरवतात.

डाकोटाकर:
मी दहा वर्षं अमेरिकेत साउथ डाकोटात आहे. इथे पथारी म्हणतात तसा मुक्काम सर्रास चालतो. १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी शेतं उजाड झाली, सरकारनं ती विकत घेतली, गवत परत वाढवलं आणि त्यातूनच पुढे राष्ट्रीय गवताळ प्रदेश तयार झाले. असे वीस प्रदेश इथल्या वनखात्याकडे आहेत. साधारणपणे चौदा दिवस फुकट राहता येतं. तलाव-ओढ्यापासून दोनशे फूट लांब राहायचं, शौचासाठी सहा ते आठ इंच खोल खड्डा खणून बुजवायचा, आणलेलं सगळं परत न्यायचं. त्यातल्याच बफेलो गॅप नावाच्या गवताळ प्रदेशात मी कितीदा राहिलोय. पहाटे गवतावरून येणारा वारा तंबूला लागतो तो आवाज मला आता झोपेतही ओळखू येतो.

पण बफेलो गॅप सहा लाख एकरांच्या आसपास आहे. पुणे जिल्ह्यातलं सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटर. इथला नियम उचलून तिथे लावता येणार नाही, त्यामुळे टिटवीताईंची काळजी मला पटते. शिवाय एवढ्या जागेतही सगळ्यांना त्याच कड्यावर राहायचं असतं, जिथून दरी दिसते. संध्याकाळी तिथे गाड्यांची रांग लागते.

पथारी:
ताई, टिटवीचं मला माहीत नव्हतं. काठाचा मुद्दा मी मागे घेतो, निदान मार्च ते ऑगस्ट. पण "हंगामच नाही" हे मान्य नाही. कडबनवाडी आणि शिर्सुफळला वनविभागानं माळरान सफारी सुरू केली, तीत गाड्याच फिरतात. गाडी चालते आणि पाठीवर बिऱ्हाड घेऊन पायी आलेला माणूस चालत नाही?

टिटवी:
गाडी ठरलेल्या वाटेनं जाते, सोबत गावातला मार्गदर्शक असतो आणि अंधार पडायच्या आत ती बाहेर येते. रात्र त्या जनावरांची आहे. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्यानं बहुतेक मोकळ्या जमिनीवर तंबू टाकायचा हक्क लोकांना दिला. तिथल्या लॉक लोमंड या तलावाच्या काठी इतकी घाण आणि तोडफोड झाली, की २०१७ पासून तिथल्या बऱ्याच काठांवर मार्च ते सप्टेंबर परवाना लागतो. चांगल्या हेतूनं दिलेली मोकळीकही काठावर टिकली नाही.

भीमाकाठ:
काठ मोकळा आहे असं दोघंही धरून चाललाय. उजनीचं पाणी उतरलं की जी जमीन उघडी पडते ती गाळपेर. आमची गावं याच पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पळसदेवचं देऊळ वर आलं की म्हातारी माणसं बोट करून दाखवतात, आपली गल्ली इथून होती. त्या गाळात आम्ही पीक घेतो. मागल्या साली फुटक्या बाटलीनं माझ्या म्हशीचा खूर चिरला, दीड महिना लंगडत होती.

आणखी एक. वळवाचा वारा शहरातल्या माणसाला ठाऊक नसतो. मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळात उलटली, सहा माणसं गेली.  उघड्या काठावर तुमचा तंबू घटकाभर टिकायचा नाही.

वाड्यावरचा:
मी धनगराचा पोरगा, आता बारामतीत नोकरीला. दिवाळी झाली की माझा बाप मेंढरं घेऊन निघायचा तो पावसाच्या तोंडावर परत यायचा. घोड्यावर बिऱ्हाड, रात्री वाघर लावून मेंढरं आत, आम्ही बाहेर घोंगडीवर. दोन-तीन रात्री झाल्या की वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, हलवायचा, कारण गवत संपतं आणि शेतकऱ्याच्या रानात लेंड्या पुरेशा पडलेल्या असतात. बिनसोयीचा विखुरलेला मुक्काम म्हणता तो हाच. लांडगा कोकरू न्यायचा. आई शिव्या द्यायची आणि तरी त्याला देवाचा म्हणायची.

आज कुरणात मेंढरं शिरली की दंडाची पावती मिळते. हौसेनं राहणाऱ्याला परवाना आणि पोटासाठी राहणाऱ्याला पावती, असं होणार असेल तर मी पथारींच्या बाजूनं नाही. आणि माळ कायमचा कुलूपबंद करायचा असेल तर टिटवीताईंच्याही बाजूनं नाही. मेंढरं गेली की माळावर काटेरी झुडपं माजतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

टिटवी:
चराईचं तुमचं म्हणणं मला पटतं. प्रमाणात चराई हवीच, मेंढपाळांना हाकलून माळ वाचणार नाही. माझा विरोध शनिवारच्या तंबूला आहे.

पथारी:
वाड्यावरचे भाऊ, तुमच्या वडिलांचं वाचल्यापासून अस्वस्थ आहे. परवाना निघालाच तर आधी तुमच्या लोकांचा निघावा, हे मी माझ्या मागणीत वर घालतो. राखीव वन आणि काठ सोडतो. पण शेतकऱ्याच्या संमतीनं त्याच्या खासगी माळावर, त्याला पैसे देऊन, सहा माणसांच्या आत राहायचं, एवढ्याला तरी नियम करून वाट द्यावी. हे मी सोडणार नाही.

भीमाकाठ:
त्याला नियमाची वाट कशाला बघता? माझं तीन एकर मुरमाड रान पाण्यापासून अर्ध्या कोसावर आहे. स्पीकर नाही, बाटली नाही, जाळ नाही. जेवण घरी, बाजरीची भाकरी आणि पिठलं. पण ताईंनी आधी येऊन टिटव्या कुठे बसतात ते दाखवायचं. तिथे मी चुन्याची रेघ मारीन, त्या रेघेपलीकडे लेकीनंही जायचं नाही.

टिटवी:
फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात येते. अंडी पडायच्या आधी.